गुलाबी खांद्याचा रोबो

मेहकरच्या अलीकडच्या गतिरोधकावर जीप अशी आदळली की सारिकाच्या मांडीवरचा रोबो उडाला. तो उडतो असं खोक्यावर छापलेलंच होतं. उभा असला की रोबो, घड्या घातल्या की विमान. पण पाय बसवायच्या आधीच उडेल असं तिला वाटलं नव्हतं.

बरं, तो एकटाही उडाला नाही. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर एक चौकोनी डबा होता, तोही त्याच क्षणी उलटला आणि त्यातून दात सांडले. सुटे दात, मेणात रोवलेले दात, प्लास्टरचे पांढरे जबडे. त्यातला एक अख्खा जबडा समोरच्या बाकावरच्या बाईच्या ओटीत जाऊन बसला.

"अवं माय," ती बाई म्हणाली, "कोनाचे दात पडले हे?"

"कोनाचे पडले नाहीत मावशी, कोनाले तरी बसवाचे हायेत," तो खाली वाकत म्हणाला. "तेवढा जबडा द्या इकडं. अन् पाय हालवू नोका कोनी."

सगळी जीप हसत होती. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. सारिका आणि तो तरुण बाकांच्या मधे ओणवे होऊन तुकडे वेचू लागले. एका करड्या तुकड्यावर दोघांचा हात एकदमच पडला.

"हा तुमचा का माहा?" त्यानं विचारलं.

"हा गुडघा आहे."

"मंग तुमचाच. माह्याकडं गुडघे नसतेत."

त्यानं ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की सारिकाला हसू आवरेना. तिनं ओठ मिटून घेतले आणि गुडघा खोक्यात टाकला. एवढंच घडलं. मेहकरच्या स्टँडवर तो एका बाजूला गेला, ती दुसऱ्या. पण जाता जाता त्याच्या डब्यावर चिकटवलेलं नाव तिनं वाचून घेतलं. कुठल्या तरी दंत प्रयोगशाळेचं. दिसेल ते वाचायची तिला सवयच होती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सारिका गेल्याच वर्षी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. जानेफळहून रोज मेहकरला येऊन एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवायची. पुढच्या जुलैत एम.एस्सी.साठी नागपूर गाठायचं ठरलं होतं. तोवर स्वतःच्या कमाईतून तिनं स्वतःसाठी एकच वस्तू मागवली होती – हा रोबो. गोंद नको, स्क्रू नको; एकेक तुकडा फ्रेममधून कापायचा आणि दुसऱ्यात टक् करून बसवायचा. सोबतच्या पत्रकातली सगळी अक्षरं जपानी. वाचता काहीच येत नव्हतं, म्हणून तर तिला ते आणखी आवडलं होतं. नुसत्या चित्रांवरून ओळखायचं की हा तुकडा आज छाती आहे आणि उद्या विमानाचं पोट.

घरी मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "इतकी शिकली अन् बाहुल्या खेळून राह्यली," आई म्हणायची. "ठेवू मंग रुखवतात. लोक लोकरीचं तोरन ठेवतेत, आपन हा राक्षस ठेवू." वडील, जानराव, वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते पेपराआडून म्हणायचे, "करू दे तिले. जोडूनच राह्यली, मोडून त नाही राह्यली."

त्या संध्याकाळी तिनं तुकडे मांडून पाहिले. प्रत्येकाला नंबर होता, त्यामुळे चूक कळायला वेळ लागला नाही. उजव्या खांद्याचा सांधा नव्हता. आणि एक तुकडा जास्तीचा होता, ज्याला नंबरच नव्हता. तिनं तो तळहातावर घेतला. सुळा होता.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर ती पत्ता विचारत कापडाच्या दुकानावरचा जिना चढली. वर उग्र, गोडसर वास भरला होता. खिडकीपाशी स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं प्लास्टरचे जबडे, आणि त्यांच्यासमोर पाठमोरा तोच तरुण.

"तुमचा दात," ती दारातूनच म्हणाली.

तो वळला. डोळ्यांत आधी ओळख आली आणि मग इतका आनंद, की तिला वाटलं हा दातासाठीच असणार. "शेषराव काकाचा सुळा. सकाळपासून शोधून राह्यलो मी."

"जानेफळचे शेषराव काका? ते आमच्या शेजारी राहतात."

"मंग त्यायले सांगू नोका बाप्पा. दात जीपमधून फिरून आला म्हनतीन, अन् बसवूच देनार नाहीत."

त्याचं नाव धम्मरत्न. बाजाराच्या दिवशी जानेफळला एक दाताचे डॉक्टर येत. त्यांनी घेतलेली मापं तो मेहकरला आणायचा आणि कवळ्या करून परत न्यायचा. त्यानं एका झाकणात जपून ठेवलेला तिचा सांधा पुढे केला. त्याचे दोन तुकडे झाले होते.

"हा कोणी तोडला?"

"मीच देला पाय. वेचता वेचता." त्यानं दोन्ही तुकडे उजेडात जुळवून पाहिले. "करून देतो ना. दात करतो त खांदा नाही व्हनार का? फक्त रंग… गुलाबीच भेटन. हिरड्याचा."

"गुलाबी खांद्याचा रोबो?"

"तब्येत चांगली हाय असं वाटन."

आता मात्र ती हसली. आणि तो बघत राहिला – तिच्याकडे नाही, नेमकं तिच्या दातांकडे. तिनं झटकन तोंडावर हात नेला.

पहिला गुलाबी सांधा आरशासारखा चकचकीत होता आणि इतका घट्ट बसला, की रोबोचा उजवा हात वर गेला तो खाली यायलाच तयार होईना. जीपमध्ये समोरच्या पोरांनी त्याला उलट सलाम ठोकले. सारिका सरळ जिना चढून वर आली.

"हा हालत नाही."

"हालाले नकोच ना," धम्मरत्न अभिमानानं म्हणाला. "माह्या कामात हाललं की लोक परत आनून आपटतेत."

"पण हा दात नाही, सांधा आहे. याला थोडी फट लागते. हात उचलला तर तिथंच राहिला पाहिजे आणि ढकलला तर गेला पाहिजे. फट जास्त झाली तर गळेल, कमी झाली तर मोडेल."

"हे कोनत्या पुस्तकात हाय?"

"घर्षणाच्या धड्यात."

"अस्सं. मले वाटलं, संसाराच्या."

सारिकानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक बाई दुकानदाराशी लुगड्याच्या काठावरून वाद घालत होती. तो वाद फार महत्त्वाचा असल्यासारखी ती ऐकत राहिली. कान मात्र तापले होते.

दुसऱ्या खेपेला त्यानं सांधा काचेच्या वाटीतल्या पाण्यातून काढला, फडक्यानं टिपला आणि बसवला. या वेळी हात हवा तिथं थांबत होता, हवा तेव्हा वळत होता. ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "पन एक खांदा गुलाबी अन् एक करडा… बरं नाही दिसत. दुसरा बी करू काय?"

"करा," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

तीन-चार दिवस गेले आणि रोबोचे दोन्ही हात हळूहळू गळाले. ती परत गेली. त्यानं सांधे बघितले, डोकं हलवलं, "हाव, सैल झाले थोडे," म्हणाला, उतरवलेले सांधे वाटीत टाकले आणि त्यातलेच दुसरे काढून दिले. ते नीट बसले. आणि पुन्हा काही दिवसांनी गळाले.

असा तो हिवाळा गेला. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ती डब्यातून न्यायची. दोघं शेंगा सोलत जपानी चित्रं वाचायची. नेलकटरनं कापलेल्या तुकड्यांच्या खरबरीत कडा त्याला बघवेनात, म्हणून त्यानं आपली बारीक कानस तिला दिली. रोबोचे पाय त्याच्या टेबलावरच झाले. काम करताना तो बोलायचा नाही. मेणात दात रोवताना श्वाससुद्धा धरून ठेवायचा, आणि सारिकाच्या लक्षात यायचं की आपणही धरलाय. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे मात्र तिच्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीलाही सांगता आलं नसतं.

एकदा तिनं विचारलं, "हा समोरचा दात तू वाकडा काऊन लावून राह्यला?"

"वाकडा नाही, किंचित चढवला. एकदम सरळ दात खोटे दिसतेत." तो दिव्यावर सुरी तापवत होता, वर न बघता बोलला. "तुह्या वरच्या दोन दातांत एक असाच दुसऱ्यावर जरासा चढला हाय. इथं पहिल्यांदा हसली तवाच पाहून ठेवला. आता कोनाचं काम मनापासून कराचं असन… त तोच डोळ्यापुढं आनतो."

सारिकाला लहानपणापासून त्या दाताची लाज होती. फोटोत ती तोंड मिटून हसायची. रोबोचा डावा पाय तिनं उजवीकडे बसवला, आणि तो चुकलाय हे दोघांनाही बराच वेळ कळलं नाही.

सांधा का गळतो, हा प्रश्न मात्र तिला छळायचा. एका दुपारी घरी बसून तिनं सांध्याच्या खोबणीत फिरणाऱ्या गुलाबी गोळीवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला, वाळू दिला आणि बसवून पाहिला. जमलं. हात उचलला तिथं राहिला. दिवस उलटले तरी राहिला. इतका साधा उपाय. ती खूश होऊन उठली… आणि पुन्हा बसली. आता जिना कशासाठी चढायचा?

मग तिनं जे केलं ते तिच्या विद्यार्थ्यांनी केलं असतं तर तिनं त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. चालू झालेला प्रयोग तिनं मुद्दाम बिघडवला. रिमूव्हरनं सांध्याचं ॲक्रिलिक, ते कवळीचं गुलाबी प्लास्टिकच, खराब होईल, म्हणून नखानं हळूहळू खरवडून नेलपॉलिश काढून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी, चेहरा जमेल तितका त्रासलेला ठेवून म्हणाली, "परत गळाला."

फेब्रुवारी सरत आला. बारावीची परीक्षा आली की क्लास बंद होणार, आणि क्लास बंद म्हणजे रोजची जीप बंद. रोबोचं आता फक्त डोकं बसवायचं आणि चिकटचित्रं लावायची राहिली होती. धम्मरत्नला हे ठाऊक होतं. तिनं दोनदा, बोलता बोलता सांगितलं होतं. तो नुसतं "हाव का," म्हणाला होता. एवढं दाताचं बोलतो, आणि मनातलं एक बोलत नाही. कदाचित मनात काही नसेलच, असं तिला जीपमध्ये वाटायचं. कदाचित तो सगळ्यांशीच असा बोलत असेल. त्याच्या फळीवरचे जबडेसुद्धा त्याच्याकडे पाहून हसत असतात.

क्लासच्या शेवटच्या दिवशी सकाळी आईनं शेषराव काकांकडे गरम भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन पाठवलं. काका ओट्यावर उन्हात बसले होते. नव्या कवळीनं त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं, पण ती या क्षणी तोंडात नव्हती. शेजारच्या वाटीत पाण्यात पडली होती.

"थांब वं पोरी, दात घालतो, मंग खातो," ते म्हणाले. सुळ्यासकट सगळे दात त्यांनी वाटीतून काढून हिरड्यांवर बसवले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"पाण्यात काऊन ठेवता काका?"

"त्या मेहकरच्या पोरानं सांगतलं ना. लय चांगला पोरगा. म्हने, काका, दात कोरडे ठेवू नोका. हे पानी पिऊन फुगतेत, अन् सुकले की आवळतेत, मंग बसत नाहीत नीट. पहिल्या दिवशीच बजावलं त्यानं. म्हने, हे मी सगळ्यायले सांगतो."

सारिका ओट्याच्या कडेला टेकली.

पाणी पिऊन फुगतं. सुकलं की आवळतं. केसाइतकाच फरक, पण गोळी आणि खोबण यांच्यातलं घर्षण नेमकं त्या केसावरच उभं असतं. काचेची वाटी. ओले सांधे, फडक्यानं टिपून, ताबडतोब बसवलेले. तीन-चार दिवसांत सुकणारे. 'हे मी सगळ्यायले सांगतो.' सगळ्यांना सांगतो, एक सोडून.

"काय झालं वं?" काकांनी विचारलं. "एकटीच हसून राह्यली."

"काही नाही काका. तुमचे दात छान बसले."

त्या दिवशी जिना चढताना तिच्या पावलांचा आवाजच वेगळा होता. तिनं खोकं टेबलावर ठेवलं, रोबो बाहेर काढला. त्याचे दोन्ही गुलाबी खांदे पडले होते, जणू घरून बोलणी खाऊन आलाय.

"परत?" धम्मरत्ननं विचारलं आणि हात वाटीकडे गेला.

"थांब. आधी मले एक सांग. दात पाण्यात काऊन ठेवतेत?"

त्याचा हात वाटीच्या काठावर थांबला.

"शेषराव काका भेटले वाटते," तो म्हणाला.

"सगळ्यायले सांगतो ना तू? मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू वाटीत ठेवले असते." तो अजून वाटीकडेच बघत होता. "नाही त मले म्हनली असती, दुसऱ्या कशाचे तरी कर. मंग सांधे टिकले असते. अन् तू… कायले आली असती?"

सारिकानं हाताची घडी घातली. तिला फार वेळ रागावून उभं राहायचं होतं. जीपमध्ये तिनं तशी तयारीही केली होती. पण तोंडाचे कोपरे ऐकत नव्हते.

त्यानं, बहुधा हातांना काहीतरी काम हवं म्हणून, रोबोचा खांदा सोडवला आणि भिंगाखाली धरला. मग भिंग जवळ नेलं. मग वर पाहिलं.

"सारिका."

"काय?"

"या गोळीच्या खाचेत काय हाय हे? चकाकून राह्यलं."

तिची घडी सुटली. खाचेत तेवढं नख पोचलं नव्हतं.

"ॲक्रिलिक नाही हे," तो सावकाश म्हणाला. त्याचा आवाज बदलत चालला होता. "नेलपॉलिश हाय. अन् बाकीचं कोनीतरी खरवडून काढलं. पॉलिशनं त सांधा घट्ट झाला असन."

"झाला होता," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

"मंग काढलं काऊन?"

"एकदम सरळ गोष्टी खोट्या दिसतेत म्हणून."

तो हसायला लागला. आधी हळू, मग खांदे हलवून, मग टेबलाला टेकून. तीही हसली. तोंडावर हात न ठेवता, तो चढलेला दात दिसू देत. फळीवरचे सगळे जबडे त्यांच्यात सामील असल्यासारखे दिसत होते.

नंतर त्यांनी रोबो पुरा केला. नेलपॉलिशची बाटली तिच्या पर्समध्ये होतीच. दोन्ही गोळ्यांवर पातळ हात दिला, वाळेपर्यंत चिकटचित्रं लावली, आणि डोकं तिनं बसवलं. टक्. मग तो उभा राहिला, सरळ, गुलाबी खांद्यांचा, स्वतःच्या पायांवर. जपानी पत्रकातलं शेवटचं पान उलगडून त्यांनी घड्या घालायला सुरुवात केली. गुडघे मागे, छाती उघडून वर, डोकं आत, हात बाजूला – आणि खांदे न गळता तिथंच थांबले. टेबलावर विमान होतं.

"झालं," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला वाटला होता तितका वाईट नव्हता.

"आता जुलैत नागपूर," धम्मरत्न विमानाच्या पंखावरून बोट फिरवत म्हणाला.

"हो."

"जाजो. शिक. नागपूरच्या लोकायचे बी दात पडतेतच की. माहं काम कुठी बी होते." त्यानं श्वास धरला, दात रोवताना धरायचा तसाच. "पन त्याच्या आधी… मी जानेफळले येऊ का? दवाखान्यात नाही. तुह्या घरी. बाबांसंग बोलाले."

सारिकानं विमान उचललं, घड्या उलट्या सोडवल्या, पुन्हा रोबो केला आणि त्याचा उजवा हात वर करून टेबलावर उभा केला. हात वरच राहिला.

"हे काय?"

"तो हो म्हणून राह्यला."

"अन् तू?"

"मी त त्याच्या आधीच म्हटलं. नखानं." तिनं मान खाली घातली. "आई रुखवतात राक्षस ठेवीन म्हणत होती. तिनं थट्टा केली, पण आता तिले ठेवाच लागन."

त्यानं दिवा लावला. मेणाची एक गुलाबी पट्टी निळ्या ज्योतीवर धरली, ती मऊ होऊन वाकू लागल्यावर फुंकर घालून कोमट केली आणि डोळ्यांनीच तिचा हात मागितला. तिनं डावा हात पुढे केला. अनामिकेभोवती त्यानं मेण गुंडाळलं, कडा दाबून जुळवली. गरम नव्हतं, उन्हात ठेवलेल्या फुलाइतकं ऊबदार होतं.

"माप घेऊन ठेवतो," तो म्हणाला. "सोनाराकडं अंदाजानं नाही जात मी."

"अन् सैल निघाली त?"

"त परत येजो. जिना माहीत हाय तुले."

मेण निवेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. मग त्यानं ते कडं अलगद तिच्या बोटातून काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि सवयीनं काचेच्या वाटीकडे हात नेला.

"वाटीत नोको," सारिका म्हणाली.